मदरबोर्डचं ऑटो ओव्हरक्लॉकिंग आणि प्रोसेसरचं व्होल्टेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले आहेत, उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये कॅड-कॅमवर बसणारे आहेत, इंजिनिअरिंगची मुलं आहेत आणि गेम खेळणारे तर आहेतच. एकच गोष्ट पुन्हा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे आकडे डेस्कटॉपचे आहेत.

१. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नक्की काय? आणि मदरबोर्ड ते आपोआप करतो म्हणजे काय करतो?

बेस क्लॉकला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ४७ असेल तर ४.७ गिगाहर्ट्झ. हा वेग कंपनीच्या मर्यादेच्या वर नेणं हे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने घातलेली वॅट-अँपिअरची मर्यादा उठवून प्रोसेसरला वरच्या वेगावर रेटत ठेवणं हेही त्यातच येतं.

वेग वाढवला की तो टिकवायला व्होल्टेज लागतं, आणि ऑटोमध्ये ते किती द्यायचं हे मदरबोर्ड ठरवतो. तुमच्या हातातला नग चांगला उतरलाय की साधारण, हे बहुतेक बोर्डांना कळत नाही. म्हणून सगळ्यात कमजोर नगसुद्धा हँग होऊ नये इतकं व्होल्टेज ते सरसकट देतात. तुमचा नग बरा असेल तर वरचं सगळं व्होल्टेज नुसती उष्णता होऊन जातं. या पानावरच्या बऱ्याचशा उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. माझ्या प्रोसेसरवर हे चालेल का?

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' हवा (१२६००के, १३७००केएफ वगैरे) आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा हवा, म्हणजे झेड६९०, झेड७९० असा. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर मल्टिप्लायर वाढत नाही, पण रॅमचा वेग आणि वॅटची मर्यादा बदलता येते. एच६१० वर रॅमचा वेगही वाढत नाही.

एएमडीच्या जवळपास सगळ्या रायझनचा मल्टिप्लायर खुला असतो, अडतं ते बोर्डावर. बी४५०, बी५५०, एक्स५७०, बी६५० चालतात. ए३२० आणि ए५२० चालत नाहीत. नावात 'एक्स३डी' असेल तर आधी प्रश्न १४ वाचा.

३. मी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) काहीच हात लावला नाही. म्हणजे माझा पीसी ओव्हरक्लॉक झालेला नाही ना?

झालेला असू शकतो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

असूसच्या बोर्डावर 'मल्टिकोअर एन्हान्समेंट', गिगाबाइटवर 'एन्हान्स्ड मल्टी-कोअर परफॉर्मन्स', एमएसआयवर 'एन्हान्स्ड टर्बो' अशा नावांची सेटिंगं असतात. बऱ्याच बोर्डांवर यातलं काही ना काही 'ऑटो'वर असतं आणि तिथे ऑटोचा अर्थ 'चालू' असाही निघतो. एमएसआयचा बोर्ड तर सुरुवातीलाच विचारतो की कूलर कोणता आहे: बॉक्समधला, टॉवर की वॉटर कूलर. जोडणारा माणूस घाईत 'वॉटर कूलर' दाबून पुढे जातो. तेवढ्यानं वॅटची मर्यादा ४०९६ वर जाते, म्हणजे मर्यादाच उरत नाही. आय७-१३७००के ची कमाल टर्बो (कामाच्या वेळी आपोआप वाढणाऱ्या वेगाची) मर्यादा इंटेलनं २५३ वॅट सांगितली आहे. ती उठली की साध्या टॉवर कूलरवर प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि स्वतःच वेग कमी करतो.

तपासायचं असेल तर बायोसमध्ये 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' आणि 'शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट' शोधा. तिथे ४०९५ किंवा ४०९६ दिसलं तर तुमच्या प्रोसेसरसाठी इंटेलनं दिलेला आकडा भरा. नव्या बायोसमध्ये 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' असा तयार पर्याय येतो, तो निवडला तरी भागतं.

४. व्होल्टेज थोडं जास्त झालं तर एवढं काय बिघडतं?

वीज किती खाल्ली जाते हे व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.२० वरून १.३२ केलं, म्हणजे फक्त १० टक्के वाढवलं, तर वीज साधारण २१ टक्के वाढते. ती सगळी उष्णता होऊन कूलरवर येते.

दुसरं नुकसान हळू होतं आणि भरून निघत नाही. जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि जास्त तापमान एकत्र आले की प्रोसेसरच्या आतल्या अतिसूक्ष्म धातूच्या वाटा आणि ट्रान्झिस्टर झिजतात. लक्षण असं: वर्षभर नीट चाललेल्या सेटिंगवर अचानक ब्लू स्क्रीन यायला लागते. थोडं व्होल्टेज वाढवलं की बरं होतं, काही महिन्यांनी पुन्हा तेच. अशा वेळी व्होल्टेज वाढवत राहू नका. वेग खाली आणा.

५. मग सुरक्षित व्होल्टेज किती? एक आकडा सांगा.

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. रिकाम्या मशीनचं व्होल्टेज आणि सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लागल्यावरचं व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी पाळायच्या सीमा अशा.

रायझन ५००० मालिकेत हलक्या कामात १.४ ते १.५ व्होल्ट दिसलं तर घाबरू नका. तेव्हा एखादाच कोअर क्षणभर उसळलेला असतो आणि करंट थोडा असतो. पण तेच १.४५ व्होल्ट हातानं फिक्स करून सगळ्या कोअरवर रेंडरिंग लावणं धोक्याचं आहे. फिक्सच करायचं असेल तर जड कामात १.२५ ते १.३० च्या वर जाऊ नका.

एएम५ म्हणजे रायझन ७००० आणि पुढच्यांत 'एसओसी व्होल्टेज' (मेमरी कंट्रोलर वगैरे आतल्या भागांचं व्होल्टेज) १.३० च्या वर नको. २०२३ मध्ये काही ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, त्यानंतर एएमडीनं बायोसमधूनच ही मर्यादा घातली. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर अपडेट करून घ्या.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीसाठी प्रश्न १२ पाहा.

व्होल्टेज कुठे बघायचं हेही महत्त्वाचं. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की 'व्हीआयडी' आणि 'व्हीकोर' अशा दोन ओळी दिसतात. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरनं मागितलेलं व्होल्टेज, व्हीकोर म्हणजे बोर्डानं मोजलेलं. रायझनवर 'एसव्हीआय२ टीएफएन' (एएम५ वर 'एसव्हीआय३ टीएफएन') असं लिहिलेली ओळ जास्त भरवशाची. काम सुरू असताना पाहा, डेस्कटॉप नुसता उघडा ठेवून नव्हे.

६. फिक्स्ड, ऑफसेट, अ‍ॅडॅप्टिव्ह : यातलं कोणतं निवडू?

रोजच्या मशीनला ऑफसेट. यात प्रोसेसर स्वतः जे व्होल्टेज मागतो त्यातून तुम्ही ठरावीक मिलिव्होल्ट वजा करता, त्यामुळे काम नसताना व्होल्टेज आपोआप खाली येतं. फिक्स्डमध्ये मशीन रिकामं असलं तरी तेवढंच व्होल्टेज चालू राहतं. अ‍ॅडॅप्टिव्ह इंटेलवर असतं आणि मुख्यतः टर्बोच्या वरच्या वेगांना लागू होतं. के प्रोसेसर खरोखर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना त्याचा उपयोग.

एक खबरदारी घ्या. ऑफसेटला अधिक-उणे असं वेगळं चिन्ह असतं. काही बोर्डांवर आकडा भरताना ते मुळात 'अधिक'वर असतं. ५० मिलिव्होल्ट कमी करायला जावं आणि ५० वाढावेत, हे सहज होतं. सेव्ह करण्यापूर्वी चिन्ह पुन्हा बघा.

७. दादा, मला काही कळत नाही. पहिल्यापासून कसं करायचं ते सांगा.

आधी बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' करा. मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो उघडून सिनेबेंच (प्रोसेसरला कामाला लावून गुण देणारं सॉफ्टवेअर) १० मिनिटं चालवा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: गुण, कमाल तापमान, वॅट आणि त्या वेळचं व्हीकोर. हा तुमचा पाया. तो लिहिलेला नसेल तर पुढे सुधारणा झाली की बिघाड, काहीच सांगता येत नाही.

दुसरं पाऊल वॅटच्या मर्यादेचं (प्रश्न ३). ती जागेवर आणून पुन्हा तीच चाचणी करा. पुष्कळ लोकांचं काम इथेच संपतं: तापमान उतरतं आणि गुणांत फारसा फरक पडत नाही.

तिसरं पाऊल उणे ऑफसेटचं. उणे २५ मिलिव्होल्टपासून सुरुवात करा, चाचणी घ्या, मग उणे ५०. पुढे एका वेळी १० पेक्षा जास्त उतरू नका. हँग झालं किंवा चाचणीत एरर आली की शेवटच्या चांगल्या आकड्यापेक्षा १० ते १५ मिलिव्होल्ट वर येऊन थांबा. दर पायरीला गुणही लिहा, त्याचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

शेवटी लांबची चाचणी. ओसीसीटी किंवा प्राइम९५ एक तास, आणि त्यानंतर दोन-चार दिवस नेहमीचं काम. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची नोंद सापडली तर मशीन वरून ठणठणीत दिसलं तरी आत चुका होत आहेत, असं समजा. लग्नाच्या शूटिंगची फाइल एक्स्पोर्ट होताना बिघडते ती बहुधा अशाच मशीनवर.

व्होल्टेज कमी करून हार्डवेअर जळत नाही. फार तर हँग होईल. म्हणून नवख्यानं खालच्या दिशेनंच शिकावं.

८. उद्यमबागेत आमचं सीएनसी वर्कशॉप आहे. कॅडसाठी ओव्हरक्लॉक करू का?

मॉडेल बनवताना, असेंब्ली फिरवताना, स्केच बदलताना कॅड सॉफ्टवेअर बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. आजचे प्रोसेसर एका कोअरला आधीच जवळजवळ शेवटच्या वेगापर्यंत नेतात. सगळे कोअर ओव्हरक्लॉक करून तिथे काही मिळत नाही. उलट सरसकट एकच मल्टिप्लायर लावला तर एका कोअरचा वरचा टर्बो जातो आणि कॅड आधीपेक्षा हळू चालतं. टूलपाथ काढणं आणि रेंडरिंग मात्र अनेक कोअर वापरतात.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या मशीनवरून जॉबचा प्रोग्रॅम निघतो, त्यावर वेग वाढवू नये. वॅटची मर्यादा बरोबर ठेवा, पुरेशी रॅम टाका, एनव्हीएमई एसएसडी बसवा. बीड आणि स्टीलची बारीक धूळ मात्र गंभीरपणे घ्या. ती विजेची वाहक असते. कॅबिनेट शॉप-फ्लोअरवर न ठेवता काचेच्या केबिनमध्ये ठेवा.

९. एक्सएमपी चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग का?

हो. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी बायोसमधली तयार सेटिंग. इंटेल आणि एएमडी दोघंही ते ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात (वॉरंटीसाठी प्रश्न १६). तरी मी ते चालू करा असंच सांगेन, कारण ३२०० ची डीडीआर४ रॅम घेऊन ती २१३३ किंवा २६६६ वर चालवणारे खूप जण भेटतात. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आहे आणि एक्सएमपीवर बहुधा १.३५ होतं, ते ठीक आहे. एएमडीच्या डीडीआर५ साठी याच सोयीचं नाव एक्सपो. असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी असंही दिसतं.

एक्सएमपी चालू केलं की काही बोर्ड त्यासोबत प्रोसेसरची मर्यादाही उठवायची का, असं विचारतात. तिथे 'नाही' म्हणा. त्यानंतर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर चालत नाही.

१०. लोड-लाइन कॅलिब्रेशन (एलएलसी) कितीवर ठेवू? एका व्हिडिओत सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवा असं सांगितलंय.

ठेवू नका. शेजारी बोअरची मोटर सुरू झाली की आपल्या घरचा बल्ब क्षणभर मंद होतो, तसं जड काम आलं की प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. एलएलसी ही घसरण भरून काढतं. पण ती पूर्ण भरून काढली, तर काम अचानक थांबतं त्या क्षणी व्होल्टेज उसळून ठरवलेल्या आकड्याच्या वर जातं. ही उसळी इतकी झटपट असते की एचडब्ल्यूइन्फोत ती दिसतच नाही.

ऑटो किंवा मधली लेव्हल पुरते. क्रमांक बघून फसू नका: असूसवर मोठा क्रमांक म्हणजे जास्त जोर, एमएसआय आणि असरॉकवर लहान क्रमांक म्हणजे जास्त जोर. एका बोर्डाचा व्हिडिओ बघून दुसऱ्यावर तोच आकडा लावला की नेमकं उलटं होतं. बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असतो, तो बघून ठरवा.

११. व्होल्टेज कमी केलं, तापमान उतरलं, हँगही होत नाही. पण काम हळू झालंय. असं का?

प्रोसेसर स्वतःला सांभाळतोय. रायझनवर व्होल्टेज कमी पडलं की तो हँग होण्याऐवजी क्लॉक ताणतो. दाखवलेला वेग ४.६ असतो, पण एचडब्ल्यूइन्फोत 'इफेक्टिव्ह क्लॉक' त्याहून बराच कमी दिसतो. इंटेलच्या १२व्या पिढीपासून 'करंट एक्सकर्जन प्रोटेक्शन' म्हणजे सीईपी आहे. अपेक्षेपेक्षा व्होल्टेज कमी आढळलं की ते वेग दाबतं. के प्रोसेसर आणि झेड बोर्ड असेल तर सीईपी बहुधा बंद करता येतं. इतरांनी ऑफसेट थोडा परत द्यावा. एमएसआयच्या 'लाइट लोड'मधला क्रमांक उतरवला तरी व्होल्टेज कमी होतं, पण तिथेही सीईपी आडवं येतं. म्हणून प्रत्येक पायरीला सिनेबेंचचे गुण लिहायचे.

१२. माझ्याकडे १३व्या पिढीचा आय७ आहे. तो खराब होतो म्हणे?

इंटेलनं २०२४ मध्ये हा दोष मान्य केला. १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे आतलं एक क्लॉक सर्किट अकाली झिजतं. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडनं (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि सप्टेंबरच्या ०एक्स१२बी नं आणखी दुरुस्त्या केल्या. आय५-१३६००के आणि त्याच्या वरच्या मॉडेलना इंटेलनं दोन वर्षांची जादा वॉरंटी दिली, म्हणजे बॉक्स प्रोसेसरची एकूण पाच वर्षं.

बोर्डाच्या मॉडेलचा ताजा बायोस टाका आणि 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. झालेली झीज अपडेटनं परत येत नाही. गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी कमी आहे' अशी खोटी तक्रार येणं, मोठी झिप फाइल उघडताना एरर येणं, ही त्याची ओळखीची लक्षणं. तसं असेल तर व्होल्टेजशी खेळत न बसता वॉरंटीत द्या.

१३. रायझनवर पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर काय आहे?

'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' वॅट आणि अँपिअरच्या मर्यादा वाढवतो. रायझन ५ ५६००एक्स ची मूळ मर्यादा ७६ वॅट, १०५ वॅट टीडीपीच्या (म्हणजे कंपनीनं जाहीर केलेल्या वॅटच्या) ५०००वाल्यांची १४२ वॅट. पीबीओ ऑटोवर दिलं तर बोर्ड आपल्या कुवतीप्रमाणे वाटेल तेवढी देतो, म्हणून 'मॅन्युअल' निवडून आकडा स्वतः भरावा.

कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज खाली-वर करणारी सेटिंग, मात्र खरी कामाची. त्यातला एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा. उतरलेल्या व्होल्टेजमुळे जी जागा होते, तिच्यात प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. इथली चूक जड चाचणीत सापडत नाही. मशीन रिकामं असताना, रात्री डाउनलोड लावून झोपल्यावर रीस्टार्ट होतं. तसं झालं तर एएमडीच्या 'रायझन मास्टर' सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगले म्हणून दाखवलेल्या दोन कोअरचा उणे आकडा शून्याकडे आणा, कारण ते आधीच कमीत कमी व्होल्टेजवर असतात.

१४. एक्स३डी आणि लॅपटॉपला हेच चालतं का?

५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे. ७८००एक्स३डी चाही बंद, पण कर्व्ह ऑप्टिमायझर चालतो. ९८००एक्स३डी पूर्ण खुला आहे. या तिन्हींना वरून व्होल्टेज देऊ नका. लॅपटॉपमध्ये २०१९ च्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षेच्या त्रुटीनंतर बहुतेक कंपन्यांनी व्होल्टेजची सेटिंग बंद केली. तिथे पंखा साफ करणं आणि पेस्ट बदलणं हाच मार्ग.

१५. आमच्याकडच्या हवेचा आणि लाइटचा यावर काय परिणाम होतो?

खोलीचं तापमान जितकं वाढेल, जवळपास तितकंच प्रोसेसरचं वाढतं. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यानं तिथला उन्हाळा सोसतो, पण अथणी-रायबागकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७८ वर थांबलेला प्रोसेसर तिथे मे महिन्यात ९५ दाखवेल. हिवाळ्यात सेटिंग पक्की करताना तेवढी जागा राखा. निपाणीकडे तंबाखूची बारीक भुकटी कूलरच्या पात्यांत तपकिरी गादीसारखी बसते. पंखा सोडवून आतल्या बाजूनं बघा, बाहेरून दिसत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा.

लाइटचं म्हणाल तर बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका. आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. २५३ वॅटचा प्रोसेसर आणि २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड एकदम कामाला लागलेलं असताना लाइट गेली तर तो यूपीएस तिथेच बंद पडतो. लोक त्याचा दोष ओव्हरक्लॉकला देतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याचा व्होल्टेज सेटिंगशी काही संबंध नाही. घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा.

१६. कोल्हापुरातून घेतलेल्या प्रोसेसरची वॉरंटी इकडे चालते का? आणि ओव्हरक्लॉक केल्यावर जाते का?

भारतातल्या अधिकृत वितरकाचा माल आणि जीएसटी बिल असेल तर राज्याच्या हद्दीनं फरक पडत नाही. दावा कंपनीकडे नोंदवायचा असतो, दुकानाकडेच नव्हे. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर वरच्या व्होल्टेजवर किंवा वेगावर चालवून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं दोन्ही कंपन्यांच्या अटींत आहे.

१७. सेटिंग बदलली आणि आता डिस्प्लेच येत नाही. मेलं का मशीन?

बहुधा नाही. दोन-तीनदा चालू-बंद केलं की बरेच बोर्ड स्वतः जुन्या सेटिंगवर येतात. नाही आलं तर मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि बोर्डावरच्या 'सीएलआर सीमॉस' लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. डीडीआर५ चं मशीन त्यानंतर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं घेतं. स्क्रीन काळी दिसली म्हणून मध्येच बंद करू नका.

१८. जुना प्रोसेसर विकत घेतोय. आधीच्या मालकानं ओव्हरक्लॉक केला होता का, कसं ओळखू?

बघून ओळखता येत नाही. सगळं डिफॉल्टवर ठेवून, विकणाऱ्याच्या समोर, प्रश्न ७ मधली तासाभराची चाचणी घ्या. डिफॉल्टवर एकही एरर आली, किंवा बायोसमध्ये व्होल्टेज वाढवून ठेवलेलं दिसलं आणि ते काढल्यावर मशीन हँग झालं, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १३व्या-१४व्या पिढीचा असेल तर सिरियल नंबरवरून वॉरंटी शिल्लक आहे का, हे इंटेलच्या साइटवर तपासून मगच पैसे द्या.